जुने स्कँडिनेव्हियन कँडलस्टँड घेताना: आधी खोबण बघा, ठसा शेवटी वाचा

स्टॉकहोमच्या किंवा कोपनहेगनच्या जुन्या बाजारात सिरॅमिकचा कँडलस्टँड हाती लागला की आपल्याकडच्या बहुतेकांची पहिली हालचाल ठरलेली असते. स्टँड उलटा करायचा आणि बुडाचा ठसा वाचायचा. नांगर दिसला की गुस्ताव्सबर्ग, तीन मुकुट दिसले की रोरस्ट्रांड, हे दोन नावाजलेले स्वीडिश कारखाने, आणि तिथेच पाकीट बाहेर. मग घरी आल्यावर कळतं की मेणबत्ती आत जात नाही, स्टँड टेबलावर डुगडुगतो आणि खोबणीतलं जुनं मेण खरवडलं की खाली तडा आहे.

ठसा सहसा खोटा नसतो, फक्त तो वाचायची वेळ चुकते. नाव एकदा डोळ्यांत भरलं की दोष दिसेनासे होतात. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे. हे सगळं साधारण 1930 ते 1980 या काळातल्या, घरात मांडून वापरायच्या वस्तूंबद्दल आहे. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांचं गणित वेगळं.

## 1. घरून निघण्याआधी

जागा मोजा. खिडकीची कड, जेवणाचं टेबल की पुस्तकांचं कपाट? जेवणाच्या टेबलावर उंच स्टँड समोरच्याच्या चेहऱ्याआड येतो, तिथे बुटका बरा. खिडकीच्या कडेची खोली मोजून ठेवा, कारण 1960-70 च्या दशकातले स्टोनवेअरचे, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या टणक मातीचे, स्टँड बुडाशी चांगलेच रुंद असतात. वर पडदा किती जवळ येतो तेही आत्ताच बघा.

मेणबत्ती ठरवा. उत्तर युरोपातली नेहमीची लांब मेणबत्ती साधारण 22 मिलिमीटर जाडीची असते. ख्रिसमसच्या झाडावर लावायच्या बारीक मेणबत्त्या 12-13 मिलिमीटरच्या आणि टी-लाइट साधारण 38 मिलिमीटरचा. जुने स्टँड या तिन्हींपैकी कशासाठीही केलेले असू शकतात. त्यातून हाताने घडवलेली वस्तू भट्टीत आकसते, त्यामुळे खोबणीचं माप एक-दोन मिलिमीटरने इकडेतिकडे होतंच.

सोबत काय न्यायचं: 22 मिलिमीटरच्या मेणबत्तीचा बोटभर तुकडा, छोटी मोजपट्टी, मोबाइलचा टॉर्च, सुती रुमाल. मेणबत्तीचा तुकडा हे यातलं सगळ्यात कामाचं हत्यार, आणि तोच बहुतेक जण विसरतात.

पैसे कसे देणार? स्वीडनमध्ये रविवारच्या बाजारातला विक्रेता सहसा 'स्विश'ने, म्हणजे मोबाइल ॲपवरून, पैसे मागतो, आणि स्विश चालायला स्वीडिश बँकेचं खातं लागतं. डेन्मार्कात तीच गत मोबाइल-पेची. मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यात राहायला आलेल्या आईबाबांनी थोडी रोख जवळ ठेवावी आणि घेतील का, हे आधीच विचारावं. पसंत पडलेली वस्तू हातात धरून एटीएम शोधत फिरण्यात मजा नाही.

## 2. कुठे आणि कधी शोधायचं

स्वीडनमध्ये 'लोप्पिस' म्हणजे जुना बाजार. स्टॉकहोमच्या ह्योटॉर्येट चौकात तो रविवारी भरतो. धर्मादाय दुकानांत मिरॉर्ना आणि स्टाड्समिशोनेन, नॉर्वेत फ्रेटेक्स, डेन्मार्कात रेड क्रॉसची दुकानं. ऑनलाइन घ्यायचं तर स्वीडनमध्ये त्रादेरा, आणि लिलावघरांचा माल एकत्र दाखवणारं ऑक्शनेट.

वेळेचा हिशेब साधा आहे. नोव्हेंबर उजाडला की इथे अंधार लवकर पडतो. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार, म्हणजे अ‍ॅडव्हेंट, जवळ येतात आणि प्रत्येकाला मेणबत्ती लावायची असते. तेव्हा मागणीही चढलेली असते आणि विक्रेत्याची ऐटही. जानेवारीत लोक घर आवरतात, वसंतात माळे रिकामे होतात. तेव्हा जा. चार खोबणी एका ओळीत असलेला अ‍ॅडव्हेंटचा स्टँड मे महिन्यात कुणाला नको असतो, आणि घासाघीस जमते ती तेव्हाच.

> थांबा: पहिल्या फेरीत काहीही विकत घेऊ नका. अख्खा बाजार एकदा फिरा. एकच प्रकार तीन टेबलांवर दिसला तर तो 'दुर्मीळ' नाही, विक्रेता काहीही म्हणो.

## 3. हातात घेतल्यावर: तपासणीचा क्रम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चांगल्या वस्तूला पाच मिनिटं द्यायला हरकत नाही, आणि विक्रेत्यालाही त्याचं वाईट वाटत नाही.

### 3.1 खोबण

टॉर्च थेट आत मारा. जुनं मेण साचलेलं असेल तर सावध व्हा, कारण तडा बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. कुणीतरी कधीतरी जाड मेणबत्ती ठोकून बसवलेली असते, किंवा मेणबत्ती पार तळापर्यंत जळू दिलेली असते. ज्योत खोबणीच्या तोंडाशी आली की आतली बाजू तापते, बाहेरची थंडच राहते आणि कडेवर केसाएवढी रेघ पडते. मेण त्या रेघेत मुरून तिला बेमालूम झाकतं.

कडेवरून करंगळीचं नख हळू फिरवा. ग्लेझच्या, म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या लेपाच्या, आतली बारीक जाळी नखाला लागत नाही, तडा लागतो. रेघ खोबणीच्या आत आणि बाहेर एकाच जागी दिसली तर ती आरपार आहे. असा स्टँड ठेवून द्या.

आता मेणबत्तीचा तुकडा घालून बघा. सैल बसला तर चालेल, त्यावर उपाय आहे. घट्ट झाला तर जोर लावू नका. खोबण मोठी करता येत नाही.

### 3.2 बूड

स्टँड सपाट फळीवर किंवा काचेवर ठेवून वरून एका बोटाने टेका. डुगडुगतो का? हाताने घडवलेल्या स्टोनवेअरमध्ये किंचित हलणं मी चालवून घेतो. खाली फेल्टची टिकली लावली की काम होतं. पण वर जळती मेणबत्ती असणार आहे, त्यामुळे उंच आणि अरुंद बुडाचा स्टँड हलत असेल तर अजिबात नको.

बुडाला फेल्ट चिकटवलेलं असेल तर 'खाली काय आहे?' हा पहिला प्रश्न. कधी फेल्ट टेबल खरचटू नये म्हणून असतं, कधी तडा झाकायला, आणि कधी त्याखाली भोक निघतं. जुन्या स्टँडला भोक पाडून विजेचा दिवा करणं हा एके काळी लोकप्रिय उद्योग होता. दिव्याचा झालेला स्टँड वायर काढून पुन्हा स्टँड म्हणून विकला जातो. बुडाजवळच्या बाजूलाही वायर बाहेर काढण्याचं भोक शोधा. कारखान्यात ठेवलेल्या भोकाच्या कडा ग्लेझने गुळगुळीत झालेल्या असतात, नंतर पाडलेल्या भोकाच्या कडा खरखरीत आणि उघड्या मातीच्या असतात.

### 3.3 टिचकी

स्टँड तळहातावर सैल धरून नखाने टिचकी मारा. स्टोनवेअर आणि पोर्सिलेन खणखणतं, तडा असेल तर आवाज बोदा येतो. इथे एक घोळ नेहमी होतो. कमी तापमानाला भाजलेल्या मातीचा, म्हणजे अर्थनवेअरचा आवाज मुळातच बोदा असतो. तेव्हा आवाजाची तुलना जोडीतल्या दुसऱ्याशी करा, शेजारच्या टेबलावरच्या भलत्याच वस्तूशी नको.

माती कोणती हे कळायला बुडाच्या ग्लेझ नसलेल्या कडेला ओलं बोट लावा. पाणी चटकन शोषलं जाऊन डाग गडद झाला तर अर्थनवेअर, ओल वरच राहिली तर बहुधा स्टोनवेअर. पुढे साफसफाई करताना हाच फरक कामी येतो.

### 3.4 डागडुजी

टवका उडाला की तो भरून वर रंग मारतात. टॉर्च तिरपा धरला की अशा जागेची चकाकी आजूबाजूपेक्षा वेगळी दिसते, बहुतेकदा मंद. स्पर्शातही फरक असतो. ग्लेझ गार लागतं, भरलेली जागा तितकी गार लागत नाही. फांद्या असलेल्या स्टँडमध्ये फांदी जिथे खोडाला मिळते तिथे, आणि पक्ष्याच्या आकारात चोच आणि शेपटी इथे आधी बघा.

> तपासा: खोबण, बूड, आवाज, सांधे. चारही ठीक असतील तरच पुढे. एकही नापास झाला तरी वस्तू आवडतेच आहे? मग ती शोभेची म्हणून, शोभेच्या भावात घ्या आणि तिच्यात मेणबत्ती पेटवू नका.

## 4. आता ठसा वाचा

पहिली चूक चिन्हावरून उडी मारण्याची. नांगर हे गुस्ताव्सबर्गचं चिन्ह खरं, पण नॉर्वेच्या पोर्सग्रुनच्या ठशातही नांगरच आहे. चिन्हासोबत अक्षरं वाचल्याशिवाय निष्कर्ष नको.

भेटण्याची शक्यता जास्त असलेली काही चिन्हं अशी:

- तीन लाटा: रॉयल कोपनहेगन. 1935 पासून कारखान्याच्या नावातल्या एखाद्या अक्षराच्या वर किंवा खाली छोटी रेघ येते, तिच्यावरून साल काढता येतं. लाटांवरून आडवा ओरखडा गेलेला असेल तर तो माल दुय्यम प्रतीचा म्हणून कारखान्यानेच बाजूला काढलेला. वापरायला काहीच हरकत नाही, पण भाव पहिल्या प्रतीचा देऊ नका.
- तीन बुरूज: बिंग अँड ग्रोन्डाल. ही कंपनी 1987 मध्ये रॉयल कोपनहेगनमध्ये विलीन झाली.
- तीन हेरिंग मासे: डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटावरचे मायकेल अँडरसन. याच बेटावर योर्ट आहे, त्याचा ठसा हरणाचा, आणि 1996 मध्ये बंद पडलेला सोहोल्मही याच बेटावरचा. कँडलस्टँड हवे असतील तर माझा कल बॉर्नहोल्मच्या मालाकडे. राजधानीतल्या बड्या नावांइतका गाजावाजा नाही आणि ग्लेझ बघत राहावं असं.
- तीन मुकुट: रोरस्ट्रांड, 1726 पासूनचा स्वीडिश कारखाना. मुकुट स्वीडनच्या राजचिन्हातही आहेत, म्हणून इथेही नाव वाचा.

दुसरी चूक याहून महाग पडते. बुडाशी 'डब्ल्यू. जर्मनी' आणि सोबत दोन आकडे, मध्ये आडवी रेघ, असं दिसलं तर ती पश्चिम जर्मनीची वस्तू. पहिला आकडा नमुन्याचा आणि दुसरा बहुधा सेंटिमीटरमधल्या उंचीचा. जाड, लाव्हासारख्या ग्लेझचा हा माल सुंदर असतो, पण तो 'स्कँडिनेव्हियन' म्हणून सर्रास खपवला जातो. वर्णनात 'स्कँडिनेव्हियन स्टाइल' असं असेल तर 'स्टाइल' हा शब्द तुमच्या पैशांवर डोळा ठेवून बसलेला आहे असं समजा.

तिसरी चूक जुनं आणि नवं यांत. स्वीडिश सिरॅमिक कलाकार लिसा लार्सन 1954 ते 1980 गुस्ताव्सबर्गमध्ये होत्या. 1992 मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या स्टुडिओत त्यांच्या आकृत्या पुढेही बनत राहिल्या. डेन्मार्कचे कलाकार ब्योर्न वीनब्लाड यांचंही तसंच. त्यांच्या स्वतःच्या वर्कशॉपमधल्या निळ्या बायकांच्या आकृत्यांवर हाताने सही आणि साल रंगवलेलं सापडतं. पण त्यांचीच चित्रं डेन्मार्कच्या न्यूमोले आणि जर्मनीच्या रोझेन्थाल या कारखान्यांनीही वापरली, आणि अलीकडे नवं उत्पादनही निघालं आहे. हे सगळं अस्सलच, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक. बुडाची कड बघा. पन्नास वर्षं टेबलावर सरकलेल्या स्टँडच्या कडेवर बारीक, वेड्यावाकड्या दिशांच्या खुणा असतात. कोरी करकरीत कड आणि 'आजीच्या घरातला' ही गोष्ट, या दोन्ही एकत्र पटत नाहीत.

ठसाच नसेल तर? पुष्कळ छोट्या वर्कशॉपचा माल बिनठशाचा आहे, किंवा कागदी लेबल गळून गेलेलं आहे. तपासणीत पास झाला असेल आणि घरात शोभणार असेल तर बिनधास्त घ्या. नावाचे पैसे वाचले.

> थांबा: कागदी लेबल हा पुरावा धरू नका. ते एका वस्तूवरून काढून दुसरीवर चिकटवता येतं.

## 5. जोडी आणि भाव

जोडीच्या नावाखाली दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. दोन्ही शेजारी ठेवून खांद्याची उंची आणि ग्लेझची छटा बघा, मग बुडाचे आकडे जुळतात का ते पाहा. हाताने फिरवलेल्या जोडीत दोन-चार मिलिमीटरचा फरक चालतो. वेगवेगळ्या नमुन्यांचे क्रमांक चालत नाहीत.

टेबलावर लिहिलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. ऑनलाइन मागितलेली किंमत तर त्याहून नव्हे. बघायचं ते संपलेले लिलाव. ऑक्शनेटवर वस्तू शेवटी कितीला गेली हे दिसतं. तशाच चार-पाच वस्तूंचे आकडे काढून मधला धरा. लिलावात बोली लावताना हातोडा पडल्यावर वर लिलावघराचं कमिशन आणि पोस्टेज चढतं, हे धरूनच आपली वरची मर्यादा कागदावर लिहून ठेवा. रात्री साडेनऊला शेवटच्या मिनिटात ती मर्यादा पाळणं आपोआप होत नाही.

## 6. न बघता, ऑनलाइन घेताना

विक्रेत्याकडून चार फोटो मागा: खोबण थेट वरून, बूड, बाजूने मोजपट्टीसह, आणि दोष असेल तिथला जवळून. खोबणीची आतली रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा. 'नेहमीची मेणबत्ती बसते' या उत्तरावर समाधान मानू नका.

स्वीडिश वर्णनात 'नाग' म्हणजे टवका, 'स्प्रिका' म्हणजे तडा, 'क्राकेलेरिंग' म्हणजे ग्लेझवरची जाळी. भाषांतराचं ॲप हे शब्द कधीकधी गोड करून सांगतं, म्हणून मूळ शब्द ओळखीचे असलेले बरे. वर्णनात दोषांबद्दल एक अक्षर नसेल तर 'तडा नाही ना?' असा थेट प्रश्न लेखी विचारा. परत करायची वेळ आली तर तेच उत्तर कामी येतं.

## 7. घरी आणल्यावर मेण काढणं

सुरी आणि उकळतं पाणी, या दोन्ही गोष्टी लांब ठेवा. सुरीने ग्लेझवर करडी रेघ उठते. उकळत्या पाण्याने मेण वितळतं खरं, पण जाळी पडलेल्या ग्लेझमध्ये आणि बुडाच्या उघड्या मातीत मुरतं आणि तेलकट डाग कायमचा बसतो.

1. आइस्क्रीमच्या लाकडी काडीने सैल मेण उचकटा.
2. हेअर ड्रायर मंद ठेवून, हातभर अंतरावरून हलवत राहा. मेण मऊ झालं की कागदी रुमालाने टिपा. पातळ होऊन वाहू देऊ नका.
3. उरलेला पातळ थर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुन्या टूथब्रशने काढा. अर्थनवेअर बुडवून ठेवू नका, वरून पुसा.
4. उपडा करून दोन दिवस सुकू द्या.

फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती सगळीकडे वाचायला मिळते. मेण आकसून टपकन सुटतं, हे खरं. पण सच्छिद्र मातीत ओल असेल तर तिचा बर्फ होऊन फुगतो आणि माती फुटते. पूर्ण कोरड्या स्टोनवेअरसाठी ठीक, अर्थनवेअरसाठी नाही. डिशवॉशर दोन्हींसाठी नाही.

> तपासा: मेण निघाल्यावर खोबण पुन्हा टॉर्चने बघा. बाजारात झाकलेला तडा आता दिसेल.

## 8. पेटवणं आणि मांडणी

सैल मेणबत्तीसाठी खोबणीत मऊ मेणाची गोळी दाबा, नाहीतर मेणबत्तीच्या बुडाला ॲल्युमिनियम फॉइलचा एक फेरा द्या. जरा जाड असेल तर तासायची ती मेणबत्ती. बुडाशी चहूकडून सारखी तासा, नाहीतर ती तिरकी उभी राहते आणि एकाच बाजूने ओघळते. कडेवर काचेची गोल चकती ठेवली तर ओघळ तिथेच थांबतो.

दोन बोटं मेणबत्ती उरली की विझवा. 3.1 मधला तडा असाच पडतो. अ‍ॅडव्हेंटच्या स्टँडवर इथे मॉस, म्हणजे शेवाळ, आणि लाल फळं सजवायची पद्धत आहे. चौथ्या रविवारपर्यंत ते मॉस वाळून काडेपेटी झालेलं असतं, आणि पहिली मेणबत्ती तोवर सगळ्यात बुटकी. तेव्हा मॉस बदला किंवा काढून टाका.

मांडणीत एक खटकणारी गोष्ट म्हणजे घेतलेलं सगळं एकदम बाहेर काढणं. सोहोल्मचा निळा, उप्साला-एकेबी या स्वीडिश कारखान्याचा काळा-पांढरा आणि जर्मन लाव्हा एका कपाटावर भांडतात. एक रंगकुळी धरा, उंच्या वेगळ्या ठेवा, बाकीचे कपाटात. ऋतूप्रमाणे बदलता येतील. मॅट ग्लेझवर धूळ दिसते आणि चकचकीत ग्लेझवर ज्योत दिसते, एवढं लक्षात ठेवलं तरी निवड सोपी होते.

पुण्या-मुंबईच्या घरी लावणार असाल तर छताचा पंखा बंद केल्याशिवाय पेटवू नका. आणि एप्रिल-मे महिन्यांत लांब मेणबत्ती नुसती उभी राहिली तरी वाकते. त्या दिवसांत स्टँड रिकामाच ठेवा.

## 9. भारतात नेताना बांधणी

स्टँड फुटतो तो बहुधा मानेशी किंवा खोबणीच्या कडेशी. म्हणून आधी खोबणीत टिश्यू पेपर भरा, ठासून नाही. मानेभोवती मऊ कापडाची पट्टी गुंडाळून ती बुडाएवढी जाड करा, म्हणजे सगळा स्टँड एक सरळ नळकांडं होईल. मग बबल रॅप. चिकटपट्टी ग्लेझला लावू नका, खाली सोन्याचं किंवा हाताने रंगवलेलं काम असेल तर तेही पट्टीसोबत निघून येतं.

जोडी एकाच गुंडाळीत बांधायची नाही, दोन्ही वेगळ्या. शक्यतो केबिन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. चेक-इन बॅगेतच टाकायचं तर बॅगेच्या भिंतीपासून चहूबाजूंनी हाताच्या पंजाएवढं कपड्यांचं अस्तर ठेवा आणि चाकांच्या बाजूला स्टँड ठेवू नका. बॅग उभी असताना सगळा भार तिथेच येतो. विकत घेतल्याची पावती किंवा ऑनलाइन व्यवहाराचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा. कस्टम्सवाल्यांनी किंमत विचारली तर 'जुनाच आहे हो' या उत्तराने भागत नाही.